एकीची ढाल आणि आमचा दोर

साहेबांची जीप चाकणच्या रस्त्याला लागली आणि पाटलीणबाई ओरडल्या, "टाक त्यो दोर खाली!"

मी टाकला. हात अजून ओले होते. मघाशी टाळ्या वाजवणारी माणसं माझ्यापासून लांब सरकली. एकाने काठीने दोर ओढत नेला, काट्याकुट्यांवर टाकला, रॉकेल ओतलं. नवा कोरा दोर. ओला होता म्हणून पेटेना. नुसता धूर. दुसरा एक जण विहिरीच्या कठड्यावर, रहाटावर गोमूत्र शिंपडत होता. चार थेंब माझ्या तोंडावर आले. उडाले की उडवले, देव जाणे. मी पदराने पुसले.

त्या काळी तालुक्यात दर साली गावागावांची स्पर्धा लागायची. ज्या गावात एकी, ज्या गावात सगळ्या जातींचं मिळून श्रमदान, त्या गावाला ढाल. आमच्या पाटलांना ती ढाल पाहिजेच होती. शेजारच्या गावाला आधी मिळाली होती ना! मग विहीर खणायला घेतली. आम्ही मांग. सगळा मांगवाडा भर उन्हात खाली उतरला. मुरूम आम्ही फोडला, पाट्या आम्ही वाहिल्या. तेव्हा कुणाला विटाळ झाला नाही. मी तेव्हा लग्नाच्या वयाची पोर. घाम गाळताना वाटायचं, आता ओढ्यातल्या झिऱ्यावर जनावरांच्या शेजारी बसून वाटीवाटीने पाणी भरणं संपलं. पाणी लागलं त्या दिवशी पाटलांनी नारळ फोडला आणि आम्हाला वर यायला सांगितलं. त्यानंतर त्या विहिरीपाशी आम्हाला कुणी फिरकू दिलं नाही.

तपासणी जवळ आली तेव्हा आमची आठवण झाली. पाटील म्हणाले, "ही पोरगी दिसायला बरी हाय. सायबांम्होरं हिनंच पाणी शेंदायचं." पाटलीणबाईंनी आपलं जुनं इरकली लुगडं पाठवलं. नव्या विहिरीला नवा दोर माझ्या बापाने वळला होता.

मी शेंदलं. साहेब पाणी प्यायले. फोटो काढला. पाटील म्हणाले, "आमच्या गावात भेद न्हाई, सायेब. पोर घरच्यावानी हाय." खोटं बोलताना त्यांचा आवाज जरासुद्धा हलला नाही. आणि मी? मी खूश होते. वाटलं, विहीर खुली झाली.

मग जीप गेली.

धूर डोळ्यांत जात होता. मी म्हटलं, "पाटील, त्यो दोर आमीच वळलाय की."

पाटील हसले. "वळलाय म्हून काय झालं? घेताना पाणी शिंपडून घेतला व्हता."

दोर वळणं आमचं पिढीजात काम. घायपाताची पानं ओढ्यात कुजवायची, बडवायची, आतला दोऱ्यासारखा वाख काढायचा. असा वास, की पुढ्यातली भाकरी जात नाही. हाताला खाज सुटते, पुरळ येतं. गावातला प्रत्येक बैल, प्रत्येक मोट आमच्या दोराने बांधलेली. दोर द्यायचा म्हणजे जमिनीवर ठेवायचा आणि मागे व्हायचं. घेणाऱ्याने पाणी शिंपडायचं, मग उचलायचा. लहानपणापासून बघत आले होते. बघून कधी काही वाटलं नव्हतं. कुजलेल्या घायपाताची मला कधी किळस आली नाही. ती त्या दिवशी या धुतलेल्या माणसांची आली.

लुगडं परत द्यायला गेले. पाटलीणबाई दारातूनच म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे तुलाच. आता आमच्या काय कामाचं?" घरी येऊन मी त्यात ओला, घाण वाख बांधून ठेवला.

पुढे निरोप आला. गाव पुढच्या फेरीत गेलं होतं, आता मोठे साहेब येणार होते. 'नवा दोर वळा. पोरीला तयार ठेवा.' बा विळा घेऊन पानं कापायला निघाला.

"बा, गावाला दोर वळायचा न्हाई."

"गावात ऱ्हायचंय का न्हाई?"

"ऱ्हायचंय. म्हून तर."

"बलुतं बंद करत्याल. खायाचं काय?"

"माती खाऊ. दोर वळायचाच तर आपल्या घागरीला वळू."

त्याने विळा खाली ठेवला. पानं मीच आणली, मीच बडवली. पण दोर एकट्याने वळता येत नाही. एकाने टोक धरायचं, दुसऱ्याने पीळ द्यायचा. मी पीळ द्यायला बसले, दुसरं टोक धुळीत पडलेलं. बा बिडी ओढत बघत राहिला. मग बिडी विझवून उठला आणि त्याने टोक धरलं.

मोठे साहेब आले त्या दिवशी मी माझं ठिगळाचं लुगडं नेसले. कमरेवर आमची पोचे पडलेली घागर, खांद्यावर दोर. घागर बघून पाटलांचा चेहरा उतरला. साहेबांसमोर अडवता येईना. मी शेंदलं आणि आमची घागर भरली. मग मोठ्याने म्हटलं, "सायेब, मागल्या बारीला जीप गेली आन ह्यांनी दोर जाळला. ह्यो आमच्या घागरीचा दोर हाय. जाळायचा आसंल तर तुमच्याम्होरं जाळा म्हनावं."

साहेबांनी रुमालाने मान पुसली. "पाटील, हे गावातल्या गावात मिटवा," म्हणाले आणि जीपमध्ये जाऊन बसले. ढाल पुढे आमच्याच गावाला मिळाली. चावडीत टांगली होती, त्यावर एकीचं गाव असं कोरलेलं. आजही आठवलं की थुंकावंसं वाटतं.

जीप दिसेनाशी झाली तसा तोच काठीवाला पुढे आला. मी दोराचे वेढे कोपरापर्यंत हाताला घट्ट गुंडाळले.

"आता हातासकट जाळा," मी म्हटलं.

त्याने पाटलांकडे बघितलं. पाटलांनी जमिनीकडे बघितलं. मी घागर कमरेवर घेतली आणि त्यांच्या मधून चालत घरी आले.

त्याच सुगीला बलुतं बंद झालं. झोपडीवर रात्री दगड आले. तरी गावाला आम्ही पुन्हा दोर दिला नाही. मोटा कोरड्या राहोत, बैल मोकाट सुटोत. आणि दगड पडल्याच्या दुसऱ्या दिवशी, उजाडता उजाडता, दोर हाताला गुंडाळून मी पुन्हा विहिरीवर गेले.