मधोमध तुटलेली पट्टी

शुक्रवारी लॅबमध्ये माझी चांगलीच जिरली... आणि मला त्याचा फार आनंद झालाय.

मी इथे हैदराबादला पीएचडी करते. भरपूर पाणी धरून ठेवेल, तरीही ओढला तर पटकन तुटणार नाही असा जेल बनवायचा. पुढेमागे गुडघ्यातल्या झिजलेल्या गादीच्या जागी बसवता येईल असा... सांगायला सोपं आहे. माझ्या जेलची पट्टी दिसायला छान, पण मशीनमध्ये ताणली की लगेच तुटायची.

आठ महिने हेच. रेसिपी अकरा वेळा बदलली. माझ्या गाइड सरांनी स्पष्ट सांगितलं होतं, सोमवारपर्यंत जमलं नाही तर हा विषय बंद. शुक्रवारी मलकपेठहून येताना बसमध्येच मी "सर, विषय बदलते" असा मेल लिहून ठेवला. रडू येत होतं, खोटं कशाला सांगू.

मला एक खोड आहे... तुटलेले तुकडे टाकवत नाहीत. तारीख घालून पाकिटांत ठेवते. त्या दिवशी ते सगळे फेकायला काढले, तर मशीन सांभाळणारे खाजाभाई उठून आले. त्यांनी तुकडे टेबलावर ओळीने मांडले आणि बराच वेळ बघत राहिले.

"मॅडम, सब के सब किनारे पेच टूटे. बीच में एक बी नै. चिमटा कित्ता कस रें आप?"

खरंच की. सगळे तुकडे टोकाशी, चिमट्याच्या कडेलाच तुटलेले, मधे एकही नाही. पट्टी ओली, निसरडी... सुटेल या भीतीने मी पट्टीची टोकं धरणारा मशीनचा चिमटा दातओठ खाऊन आवळायचे. म्हणजे ताणायच्या आधी मीच तिला चिरडत होते आणि दोष रेसिपीला. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

खाजाभाईंनी नव्या पट्टीच्या दोन्ही टोकांना पकडीसाठी सँडपेपर चिकटवला, चिमटा हलक्या हाताने फिरवला. "अब देखो." पट्टी ताणत गेली... दुप्पट, तिप्पट, चौपट. शेवटी तुटली, ती बरोबर मधोमध. काहीतरी तुटलं म्हणून आम्ही दोघं लहान मुलांसारखे हसलो.

मेल डिलीट केला. अजून बऱ्याच पट्ट्या ताणायच्या आहेत, पण सोमवारी सरांसमोर मान वर करून जाईन.

एकच गोष्ट मनातून जात नाहीये. खाजाभाई रोज माझ्यापासून चार हातांवर बसतात... आणि आठ महिन्यांत मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं, तुम्हाला काय वाटतं?