डॉक्टरांची भाकरी

बारामतीचे आमचे डॉक्टर औषधाच्या बाटलीवर डोसाची कागदी पट्टी कणकेच्या खळीने चिकटवत. माझी पोरगी जुलाबांनी सुकत चालली, तेव्हा म्हणाले, "गव्हातला हा चिकटा हिच्या आतड्याला विष हाय. बाटलीला चालंल, पोटात नगं."

माझी आई खवळली. "चपाती सोडून पोरीला भाकरी? आमी काय भिकारी हाय?"

पण भाकरीवर पोरगी बाळसं धरू लागली. होळीला मी डॉक्टरांना जेवायला बोलावलं. पुरणपोळी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. पण शेजारी पोरगी भाकरी बघून मुसमुसू लागली, तशी त्यांनी वाढलेली पोळी परत करून भाकरीच मागितली.

"तुमचं बी पोट दुखतंय?" पोरीनं विचारलं.

"व्हय बाई," माझ्या ताटातल्या तिसऱ्या पोळीकडं बघत ते म्हणाले, "लई दुखतंय."