पडद्यांची एकच जागा शिल्लक

माझ्या थोरल्या नणंदबाई चार पैसे देऊन कुणाच्या नादी लागतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. भाजीवाल्याकडून फुकटची कोथिंबीर घेतल्याशिवाय त्या हलत नाहीत. पण या वन्सं एका उद्योजिका नेटवर्कच्या 'सुवर्ण सभासद' झाल्या आणि साडीला लावलेला बिल्ला दाखवायला विरारला आमच्याकडे आल्या. त्या बाळांची टोपडी आणि मोजे विणतात. मी पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवते.

"अगं, तिथे पडद्यांची एकच जागा शिल्लक आहे," त्या म्हणाल्या. "एका धंद्याची एकच बाई घेतात. नालासोपाऱ्याची एक पडदेवाली टपून बसलीय."

वर्षाची वर्गणी म्हणजे एक नवीन शिलाई मशीनच. तरीही मी गेले, कारण पाहुणीला पहिली सभा फुकट होती आणि नाश्त्याला मेदूवडा होता.

वसईतल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये सकाळी सातला तीसेक बायका नटून बसल्या होत्या. प्रत्येकीने उठून एक मिनिट आपला धंदा सांगायचा, मग सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. मेंदी, केक, विमा, केसांचं तेल, परत केसांचं तेल. एका धंद्याची एकच बाई हा नियम तेलाला लागू नसावा. कुणी कुणाला काम मिळवून दिलं की त्याची चिठ्ठी डब्यात टाकायची होती. मी वन्संना हळूच विचारलं, "तुम्हाला किती चिठ्ठ्या आल्या?"

"मी नवीन आहे गं. चारच तर महिने झाले."

अध्यक्षाबाईंनी शेवटी माझा हात हातात घेतला. आजच पैसे भरले तर सवलत होती. मी पुढच्या आठवड्यात सांगते म्हटलं, तेव्हा त्या मायेने म्हणाल्या, "घाबरणाऱ्या बायका मागेच राहतात."

मागे राहायचं कुणाला आवडतं? घरी येऊन मी तपास सुरू केला. नोंदणी क्रमांक होता, वेबसाइट होती, वन्संना छापील पावतीही मिळाली होती. नवऱ्याने चष्मा लावून सगळं वाचलं. "कायदेशीर दिसतंय," तो म्हणाला. "फक्त पैशाच्या बदल्यात काय मिळणार, तेवढं कुठे लिहिलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी आमच्या गेटवर मासेवाली मावशी बसली होती. ती वसईच्या पाचूबंदर कोळीवाड्यातली, आणि माझ्या सगळ्या भानगडी तिला माहीत असतात. बोंबील साफ करता करता तिने मलाच प्रश्न विचारले.

"किती बाया हायत?"

"तीस."

"सगल्या काय ना काय विकतात?"

"हो."

"मंग घेनारी कोन?"

"तूच चल माझ्याबरोबर," मी म्हटलं. "पाहुणीला नाश्ता फुकट आहे."

पुढच्या सभेला मावशी आली ती ठेवणीतली साडी नेसून, अंबाड्यावर अबोलीचा गजरा माळून. तिची पाळी आल्यावर ती उठली. "मी मासली विकते. ताजी नसली तर पैसे घेत नाय," एवढंच बोलली. टाळ्या वाजल्या, तरी ती बसली नाही. "आता येक इचारते. गेल्या वरसापासून हिते कोन कोन हाय? जरा हात वर करा."

चार हात वर झाले. एक अध्यक्षाबाईंचा, एक खजिनदारांचा, एक अध्यक्षाबाईंच्या बहिणीचा आणि एक नाश्त्याचं कंत्राट घेतलेल्या बाईंचा.

"बाकीच्या खूप मोठ्या झाल्या," अध्यक्षाबाई म्हणाल्या. "त्यांना आता वेळ मिळत नाही."

"बरं झालं," मावशी म्हणाली आणि वडा खायला बसली.

मी पैसे भरले नाहीत. निघताना पाहुण्यांच्या वहीत मला नालासोपाऱ्याच्या पडदेवालीचं नाव दिसलं. अध्यक्षाबाईंकडेच तिचा नंबर मागायला मला लाज वाटली नाही. तिला फोन केला तर ती हसतच सुटली. तिला सांगितलं होतं, विरारची एक पडदेवाली टपून बसलीय, लवकर पैसे भरा. आम्ही अर्धा तास अध्यक्षाबाईंच्या नावाने बोटं मोडली. मग ती म्हणाली, तिच्याकडे खिडक्यांना पट्ट्यांचे ब्लाइंड्स बसवायचं काम जास्त आहे, पडद्यांची शिलाई आवरत नाही. गेल्या महिन्यात तिने मला दोन फ्लॅटचे पडदे दिले.

वन्सं मात्र आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मावशीला आणून मी त्यांची शोभा केली, असं त्यांचं म्हणणं होतं. मग एके दिवशी त्यांनीच वर्गणी परत मागितली. पावतीच्या मागे बारीक अक्षरात 'परत मिळणार नाही' असं छापलेलं होतं, ते त्यांना तिथेच वाचून दाखवण्यात आलं.

"सोडून द्या आता," मी म्हटलं.

"का सोडू? आठ महिन्यांचा नाश्ता बाकी आहे माझा," वन्सं म्हणाल्या. त्या अजून दर आठवड्याला जातात. आता एक मिनिट बोलत नाहीत, मागच्या खुर्चीत बसून विणतात, आणि प्रत्येक नव्या पाहुणीला शेजारी बसवून पावतीची मागची बाजू वाचायला देतात.