शेवटच्या पाळीची आंघोळ

डोक्याला साबण लागलेला होता आणि त्यांनी माझं पाणी बंद केलं.

डोळे मिटलेले. हात नळावर. वरून थेंब येईना. मला वाटलं, टाकी संपली. मग अगदी जवळून आमच्या खात्याच्या साहेबाचा, चार्जमनचा आवाज आला.

"चलो, बाहेर हो. या लोकांची आंघोळ राहिली आहे."

हे लोक म्हणजे दोन फिटर. उशिरा सुटले होते. त्यांच्या अंगाला तेलाचा डाग होता, तेवढाच.

"साहेब, डोयाले साबण लागून आहे. एक डबा पाणी घेतो अन् निंगतो."

"अरे, तुला कुठं सोवळ्यात जेवायचंय? घरी जाऊन धू."

सगळी न्हाणी हसली. मी लंगोटीवर बाहेर आलो. अंगावरचा फेस पिवळा होता. टॉवेल आत राहिला होता आणि परत आत जायचं नव्हतं. दारात उभा राहून मी तो फेस अंगावर वाळू दिला.

जबलपूरच्या एका दारूगोळ्याच्या कारखान्यात मी तोफेच्या गोळ्यांत स्फोटक पावडर भरायचो. पाकिस्तानशी लढाई सुरू होती. घरांच्या काचांना काळे कागद लागले होते. पावडर पिवळी असते. हाताला लागते, केसात बसते, नखाखाली जाते. ती आत गेली की माणूस पिवळा पडतो, त्याला अन्न नको होतं. म्हणून पावडरवाल्यानं रगडून आंघोळ करूनच फाटकाबाहेर पडायचं, असा नियम होता. भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलेला.

आधी कोणी करायची ते मात्र लिहिलेलं नव्हतं. ते चार्जमननं ठरवलं होतं. आधी फिटर, मग गोदामवाले, मग बाकीचे. आम्ही शेवटी. पावडर भरणारे जवळजवळ सगळे आम्हीच, वऱ्हाड-नागपूरकडून आलेले महार. दीक्षा घेतली होती, बौद्ध झालो होतो, पण न्हाणीच्या ओट्याला ते कोणी सांगितलं नव्हतं. आमचे पाय लागलेल्या ओट्यावर त्यांना उभं राहायचं नव्हतं. आमची पाळी येईपर्यंत टाकीत तळाचा गाळ उरायचा. ज्यांना विष लागलेलं, ते गाळात हात बुडवायचे. ज्यांना काही लागलेलं नाही, ते नळाखाली भजनं म्हणायचे.

आणि चार्जमन मराठी होता. मराठी मंडळाच्या गणपतीत मांडवात उभा राहून म्हणायचा, "परमुलखात आपण सगळे एक." आरतीचं तबक मात्र आमच्यापर्यंत यायच्या आधीच विझायचं.

त्या संध्याकाळी घरी गेलो. माझी मुलगी चंदा तेव्हा नुकती बोलायला लागली होती. मी आलो की धावत येऊन पायाला मिठी मारायची, छातीवर झोपायची. त्या दिवशी ती आली नाही. आईच्या लुगड्यामागं उभी राहिली. मी हात पुढे केले.

"छी," ती म्हणाली. "बाबा छी."

मी बायकोकडे पाहिलं. ती चुलीपुढून उठली नाही.

"मीच शिकवलं तिले," ती म्हणाली. "दवाखान्यात नेलं होतं आज. ओकून राहिली होती सकाळपासून. तिचे तळवे पाहा. तुमची उशी पाहा. डाक्टर म्हणे, बापाच्या अंगावरून येऊन राहिलं, त्याले म्हणा आंघोळ करून घरी येत जा."

"मी काय हौसेनं बिनआंघोळीचा येतो?"

"मले काहून विचारता? त्याले विचारा, जो पाणी बंद करते."

चंदाचे तळवे पिवळे होते. चाफ्यासारखे, असं कोणी म्हणेल. मी म्हणणार नाही. त्या रात्री ती आईजवळ झोपली आणि मी दाराबाहेर पोत्यावर. छी हा शब्द मी गावच्या विहिरीवर ऐकला होता, शाळेत ऐकला होता. माझ्या घरात, माझ्या लेकीच्या तोंडून तो पहिल्यांदा ऐकला.

मी लहानपणापासून भाव करणारा माणूस. गाव सोडून पोरवयात जबलपूरला आलो, तेव्हापासून जवळच्या पाटणहून मटार आणून सराफा बाजाराच्या तोंडाशी टोपली मांडायचो. सोनारांच्या बायकांशी घासाघीस करून मोठा झालो. तिथं एक शिकलो. पहिला भाव समोरच्याला बोलू द्यायचा.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटली. मी न्हाणीच्या रांगेत उभा राहिलो नाही. होतो तसा, केसांत पावडर, हात कोपरापर्यंत पिवळे, फाटकाबाहेर पडलो. कोणी अडवलं नाही. आम्ही रोज तसेच तर जात होतो. ऊन अजून होतं. मी सरळ चार्जमनच्या क्वार्टरवर गेलो. व्हरांड्यात झोपाळा होता. त्यावर बसलो. गादीला हात पुसले. उशीला डोकं टेकलं.

चार्जमन बनियनवर बाहेर आला.

"ऊठ! कोणाच्या परवानगीनं बसलास?"

"आंघोळीची वाट पाहून राहिलो साहेब. तुम्ही म्हणाले, घरी जाऊन धू. कोणाच्या घरी, ते नाही सांगितलं."

"लढाई चालू आहे. एक शब्द वर कळवीन तर आत जाशील. देशद्रोही म्हणून."

"कळवा. मग उद्या गोळे तुम्ही भरा."

तेवढ्यात त्याचा नातू आतून पळत आला. चंदाएवढाच. झोपाळ्यावर नवा माणूस पाहून हसला आणि माझा गुडघा धरायला हात पुढे केला. मीही हात पुढे केला. मुद्दाम. पिवळा हात, बोटं पसरून.

"हात नको लावू त्याला!" चार्जमन ओरडला. "पावडर आहे अंगाला! विष आहे ते!"

त्यानं पोराला उचललं, छातीशी धरलं.

माझा हात तसाच हवेत राहिला.

म्हणजे याला माहीत होतं. मी आजवर समजत होतो, हा सोवळ्यातला मूर्ख माणूस आहे, त्याला विटाळ कळतो, विष कळत नाही. त्याला दोन्ही कळत होतं. कुणाच्या लेकराला विष लागलेलं चालतं, एवढंच त्यानं ठरवलं होतं.

मी हात मागं घेतला नाही. त्याला बोलू दिलं.

"उद्यापासून तुम्हा लोकांना आंघोळीला दुसरी पाळी," तो म्हणाला.

मी झोपाळ्याला पायानं झोका दिला.

"बरं, पहिली."

"अन् टाकीच्या चावीवर तुम्ही उभे राहाल. स्वतः. आमचा शेवटचा माणूस निंगेपर्यंत."

"मी चार्जमन आहे रे!"

"मग मी बसतो. पोरगं खेळाले येईलच पुन्हा."

तो उभा राहिला. दुसऱ्या दिवशी, आणि लढाई संपेपर्यंत, आणि त्यानंतरही. आम्ही वरचं, स्वच्छ पाणी अंगावर घेत होतो आणि तो चावी धरून उभा होता. फिटर बाहेर रांगेत. मी मुद्दाम साबण दोनदा लावायचो.

चंदाचं ओकणं थांबलं. तळवे हळूहळू उजळले. पण ती माझ्याजवळ आली नाही. मी रगडून, नखं कापून, धुतलेले कपडे घालून घरी यायचो. हात पुढे करायचो. ती आधी माझे तळवे उलटेपालटे करून पाहायची, मग ठरवायची. लग्न होऊन सासरी गेली तरी तिची ती सवय गेली नाही. माझ्या हातून काही घेताना तिची नजर आधी माझ्या हातावर जाते. तिला कारण आठवत नाही. मला आठवतं.

निवृत्तीनंतर चार्जमन मला मंडळाच्या मांडवात भेटला. काठी टेकत आला. हात पुढे केला आणि म्हणाला, "जाऊ दे रे, झालं गेलं. सोडून दे आता."

मी हात मिळवला नाही. आधी त्याचा हात धरून उलटापालटा करून पाहिला, माझी लेक पाहते तसा. मग सगळ्यांसमोर सोडून दिला.

भाव मी मटाराचा करतो. झाल्या गेल्याचा करणार नाही.