अंगठ्यातल्या सुया

नवी नवरी असताना मी इतकी शहाणी होते की सासूबाईंच्या पायाचा सुजलेला अंगठा मला चक्क नाटक वाटला. "चादर लागली तरी जीव जातो गं," असं त्या विव्हळत म्हणाल्या आणि मी, वैद्यकशास्त्र कोळून प्यायल्यासारखी, परीक्षा घ्यायला चादर मुद्दाम ओढली. त्या किंचाळल्या. मी मनात मार्क दिले, अभिनय उत्तम!

आज दुपारी माझाच अंगठा लालबुंद होऊन चादरीबाहेर पडलाय. पंखा बंद आहे, कारण वारासुद्धा टोचतो. समोर भिंतीवर पाल बसली आहे, खाली खिडकीच्या कट्ट्यावर तिची लेंडी. काळी, टोकाला पांढरी.

"आजी, ते पांढरं म्हणजे युरिक ॲसिड," प्राणिशास्त्र शिकणारी नात म्हणाली. "पाल टाकून देते, तू जपून ठेवतेस."

जपते कशी, तर सांध्यात सुया करून. बारीक, काचेसारख्या. इतकी वर्षं मी हसत होते, पुरणपोळ्या लाटत होते आणि आत अंधारात कुणीतरी मुकाट्याने सुया घडवत बसलं होतं. गोळ्या चुकवल्या तर सांधा कायमचा जाईल, असं डॉक्टर बजावतात.

सासूबाईंचं माझं तर रक्ताचं नातंही नाही. मग हे माझ्यापर्यंत आलं कुठून? पाल मान वळवून अंगठ्याकडे टक लावते आणि मला त्या दिवशीच्या सासूबाई ऐकू येतात. किंचाळून झाल्यावर त्या माझ्याकडे बघत अगदी शांतपणे म्हणाल्या होत्या,

"सूनबाई, दुखणं माझं आहे, पण मघापासून ते तुझ्याकडेच बघतंय."