महागूची छोटी लाइन

महागू मेश्रामनं घरात रेल्वे बसवायला घेतली, तेव्हा त्या घरात वीज आलेली नव्हती. बालाघाटच्या बौद्ध मोहल्ल्याच्या तोंडाशी एक खांब होता. तार त्या खांबापर्यंत आली होती आणि पाच वर्षं तिथंच अडून बसली होती.

दिवसभर मात्र महागूचे हात विजेच्याच कामात असत. भैयालालच्या मोटर वाइंडिंगच्या दुकानात तो कामाला होता. वारासिवनीपर्यंतच्या भातगिरण्यांतून जळालेल्या मोटारी तिथं यायच्या. महागू करपलेली तार उपसून काढायचा, नवी भरायचा, वार्निश पाजायचा. मोटर घुमायला लागली की गिऱ्हाईक भैयालालची पाठ थोपटून निघून जायचं.

रेल्वेचं वेड त्याचं लहानपणापासूनचं. बाप लामत्याजवळ छोट्या लाइनीवर, म्हणजे अरुंद रुळांच्या रेल्वेवर, गँगमन होता. छप्पन साली बापलेक त्याच लाइनीनं गोंदियाला आणि तिथून नागपूरला गेले, दीक्षा घेतली. जाताना बाप डब्यात दाराशी खाली बसला होता. परतताना तो खिडकीजवळ बाकावर बसला. एकानं डोळे वटारले, दुसऱ्यानं "सरक रे" म्हटलं. बाप उठला नाही. बालाघाट येईपर्यंत बाहेरची शेतं बघत बसून राहिला. ती गाडी महागूच्या डोक्यातून कधी उतरलीच नाही, आणि दहा वर्षांनी ती त्यानं घरात आणायची ठरवली.

सागाच्या दोन जुन्या फळ्या जोडून त्यानं पाट केला. कापडाच्या गठ्ठ्यांना येते ती लोखंडी पट्टी उभी बसवून रूळ केले, बांबू चिरून स्लीपर केले. तुपाच्या डब्याच्या पत्र्याचं इंजिन, त्याच पत्र्याचे तीन डबे. चाकं पितळेची, पण आस मुद्दाम लाकडाचा, म्हणजे एका रुळातली वीज चाकातून दुसऱ्या रुळात जायला नको. वीज ट्रकच्या बॅटरीची. ती त्याला पुनारामनं दिली होती. पुनाराम मँगनीजचा ट्रक चालवायचा, आणि महागूशी त्याचं शाळेपासूनचं मैत्र होतं.

पाट एवढा मोठा झाला की एका खोलीचं घर भरून गेलं.

"आपुन निजाचं कुठी? टेसनावर?" बायकोनं, शांताबाईनं विचारलं.

महागूनं आढ्याला कप्पी लावली. काम संपलं की पाट दोरीनं वर ओढायचा आणि त्याच्याखाली अंथरूण टाकायचं.

इंजिनाची मोटर मात्र त्याला जमेना. लोहचुंबक सायकलच्या डायनमोतलं मिळालं. पण त्यात फिरणारा तुकडा बोराएवढा, आणि त्यावर केसासारखी तार शेकडो वेढे गुंडाळायची. गिरण्यांच्या मोटारी भरून महागूची बोटं जाड झालेली. तार तुटायची, तो शिव्या द्यायचा. शांताबाई शेजारी बिड्या वळत बसलेली असायची. चार दिवस तिनं ऐकून घेतलं. मग बिड्यांचं सूप बाजूला सारलं.

"आना इकडं."

दोन संध्याकाळींत तिनं तीन गुंडाळ्या भरल्या. एक वेढा कमी नाही, एक जास्त नाही. बॅटरी लावली आणि ती बोराएवढी मोटर माशीसारखी गुणगुणायला लागली. शांताबाईनं ती कानाशी धरली, हसली, आणि पुन्हा बिड्यांना लागली.

दुसरी अडचण वळणाची होती. बालाघाटहून निघालेली गाडी लामत्याला घेरा घेऊन त्याच रुळावर परत यावी, असं महागूच्या मनात होतं. पण घेरा जोडला की तार तापायची आणि धूर निघायचा. तिसऱ्यांदा तार जळाली तेव्हा तो कपाळाला हात लावून बसला.

"बिघडलं काय?" शांताबाईनं विचारलं.

"डाव्या रुळातून वीज जाते, उजव्यातून वापस येते. गाडी घेरा घेते तवा डावा रूळ फिरून उजव्यालेच जाऊन भिडते."

"मंग भिडू काहून देता? तोडा त्या घेऱ्याले. वेगळी चूल मांडून द्या त्याची."

महागू ताडकन उठला. मग करवत घेतली आणि घेऱ्याच्या दोन्ही तोंडांशी रूळ बारीक कापले. घेऱ्याला स्वतःच्या तारा, स्वतःचं बटन. गाडी पूर्ण घेऱ्यात शिरली की मुख्य लाइनीची वीज उलटी करायची आणि मग तिला बाहेर काढायचं. त्या दिवशी गाडी लामत्याला वळून बालाघाटला परत आली. आता स्टेशनांवर टॉर्चचे बल्ब तेवढे लावायचे राहिले होते.

बॅटरी चार्ज व्हायची भैयालालच्या दुकानात. हा माणूस दर आठवड्याला बॅटरी कशाला आणतो, हे बघायला भैयालाल एकदा घरी आला. उंबऱ्याच्या आत काही आला नाही. दारातूनच त्यानं गाडी पाहिली आणि पाहतच राहिला.

"अरे महागू! ये तो कमाल है. जानेवारीत प्रदर्शन आहे, तिथं लावू. दुकानाचं नाव होऊन जाईल."

"नाव माह्यं लिहा लागन, शेठ."

"हौ, हौ. लिखेंगे."

एकोणसत्तरच्या जानेवारीत मैदानावर प्रदर्शनाचा मांडव उभा राहिला. महागूनं आदल्या दिवशी पाट नेऊन बसवला, तारा जोडल्या, दोनदा गाडी फिरवून पाहिली. उद्घाटनाच्या दिवशी दुपारी तो धुतलेला सदरा घालून पोचला, तर पाटापुढं पुठ्ठ्याची पाटी: 'चलती रेल. भैयालाल मोटर वर्क्स, बालाघाट.' बटनांपाशी खुर्ची, आणि खुर्चीत कोट घातलेला भैयालाल.

"शेठ, माह्यं नाव?"

"दुकान का नाम मतलब तेरा भी नाम. तू पडद्याच्या मागं बॅटरीजवळ बस. काही अटकलं तर हात दे."

प्रदर्शनाच्या कमिटीचे अध्यक्ष एक वकीलसाहेब होते. महागू त्यांच्याकडे गेला. त्यांनी घड्याळात बघितलं. "पाटी उद्या बदलू. आत्ता पाहुणे येताहेत, तमाशा करू नकोस. जा, मागे बस."

मागेच का, हे कोणी बोललं नाही. बोलायची गरजही कुणाला वाटली नाही.

महागू पडद्यामागं गेला. बॅटरीच्या दोन्ही तारा सोडल्या, गुंडाळून खिशात घातल्या आणि पुढं आला. तोवर पाहुणे समोर उभे. भैयालालनं बटन दाबलं. गाडी जागची हलली नाही.

"नाव उद्या लिहिनार असान," महागू शांतपणे म्हणाला, "त गाडी बी उद्याच चालन. आन् ते इथं नाही चालनार."

त्यानं इंजिन उचललं, धोतराच्या ओच्यात ठेवलं. मग डबे. भैयालाल दात ओठ खात कुजबुजला, "पागल झाला काय? उद्यापासून दुकानाची पायरी चढू नको."

"नाही चढत."

बाहेर पुनाराम ट्रक घेऊन उभा होता. गाडी बघायला आलेली मोहल्ल्यातली चार माणसं पाट उचलून ट्रककडे निघाली, तेव्हा महागूनं त्यांना थांबवलं.

"ट्रकात नाही. डोक्यावर घ्या. लोकायले दिसली पायजे."

आणि भर बाजारातून, दिवसाढवळ्या, चौघांच्या डोक्यावरून छोटी लाइन निघाली. पुढं इंजिन हातात घेऊन महागू, मागं बॅटरी लादलेला ट्रक पायाच्या चालीनं. दुकानांतून माणसं बाहेर आली. "क्या है रे?" प्रत्येकाला महागूचं एकच उत्तर, पहिल्यापेक्षा दुसऱ्यांदा मोठ्यानं: "रेल हाय. मी बनवली. पाहाची असन त आमच्या मोहल्ल्यात या." हनुमान चौकापर्यंत मागं पन्नासेक माणसं झाली होती.

मोहल्ल्यातल्या मोकळ्या जागेत पाट मांडला. दिवस कलला, स्टेशनांवरचे टॉर्चचे बल्ब लागले, आणि गाडी सुटली. लामत्याला वळली, परत आली. लोकांनी टाळ्या पिटल्या. बाजारातून आलेल्या एका माणसानं विचारलं, "सगळं तूच केलं?"

"हौ. मीच," महागू म्हणाला.

"आन् मोटर?"

आवाज बायकांच्या घोळक्यातून आला होता. शांताबाई उभी राहिली होती.

महागू गडबडला. "मोटर... हिनं गुंडाळली," तो खालच्या आवाजात म्हणाला.

"मोठ्यानं सांगा. तिकडं तुमी पडद्यामागं बसले नाही. मंग इथं मीच काहून बसू?"

मग बायकांत हशा पिकला, पुनाराम ट्रकच्या टपावरून ओरडला, "बराबर बोलली वयनी!" महागूचा चेहरा उतरला होता. दुपारपासून शहराशी भांडून आलेल्या माणसाला घरच्या माणसानं चौकात उभं केलं होतं, आणि तिचं म्हणणं खरं होतं. त्यानं कोळसा उचलला आणि पाटाच्या कडेवर लिहिलं: महागू मेश्राम, शांताबाई मेश्राम. लिहून झाल्यावर तिला वाचून दाखवलं. घेऱ्याला वेगळी चूल मांडायची युक्तीही हिचीच, हेही त्यानं सगळ्यांना सांगितलं.

पुढचे दहा महिने बिड्यांवर निघाले. महागूनं मोहल्ल्याच्या तोंडाशी, त्या खांबाखाली, चार पत्रे उभे करून दुकान टाकलं. गिरणीवाले फिरकेनात. भैयालालनं त्यांना तसं सांगूनच ठेवलं होतं. पण दिवाळीनंतर धान आलं, वारासिवनीच्या एका गिरणीची मोटर ऐन हंगामात जळाली, आणि भैयालालच्या नव्या कारागिरानं भरलेली तार दुसऱ्याच दिवशी पुन्हा करपली. तेव्हा गिरणीवाल्यानं ती थेट पत्र्यांखाली आणून टाकली. मोटर चालली. मग दुसरी आली, तिसरी आली. शांताबाईनं बिड्या सोडल्या. पंख्यांची बारीक तार तीच भरू लागली.

पुढच्या जानेवारीत कमिटीचं निमंत्रण आलं. त्यावर महागूचं नाव छापलं होतं, श्रीयुत लावून. त्यानं कार्ड उलटं केलं, मागं दोन नावं लिहिली आणि परत पाठवून दिलं. उत्तर आलं नाही. त्या वर्षीही गाडी मोहल्ल्यातच चालली. लामत्याहून माणसं खऱ्या गाडीत बसून ती बघायला आली.

वकीलसाहेब कधीच आले नाहीत. त्यांची बायको सत्यभामाबाई मात्र एका संध्याकाळी आली, एकटीच. शांताबाईनं टाकलेल्या चटईवर ती जरा अवघडूनच बसली. दिलेलं पाणी हातात धरून राहिली, मग प्यायली. गाडी दोन फेऱ्या फिरली तरी तिची नजर इंजिनावरच.

"एवढीशी मोटर तू कशी ग भरली?" तिनं विचारलं.

शांताबाईनं तारेचं रीळ तिच्या मांडीवर ठेवलं.

"घ्या, गुंडाळून पाहा."