गेळफळाचा रिपोर्ट आणि माझी सही

"अख्खी रांग पिवळी," कॉलेजच्या लॅबमध्ये सर म्हणाले. "कविता, अख्खी रांग."

मी प्लेट खिडकीच्या उजेडात धरली. खरंच पिवळी होती. हे सोपं करून सांगते. प्लॅस्टिकच्या प्लेटमध्ये लहान लहान वाट्या असतात. त्यांत पेशी वाढवायच्या, वरून आपला अर्क घालायचा आणि दुसऱ्या दिवशी एक पिवळा रंग टाकायचा. जिवंत पेशी तो जांभळा करतात. मेलेल्या काहीच करत नाहीत. आमच्या वाट्यांत कॅन्सरच्या पेशी होत्या आणि अर्क गेळफळाचा होता.

गेळ म्हणजे आमच्या जिल्ह्यातल्या जंगलात उगवणारं काटेरी झाड. मी सौंदडजवळच्या एका खेड्यातली. ही फळं ठेचून डबक्यात टाकली की पाण्यावर फेस येतो आणि मासे उलटे होऊन वर येतात, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. हा फेस सॅपोनिनचा. रिठ्यात असतं तेच. झाडानं स्वतःसाठी बनवलेला साबण म्हणा. गेळ घ्यावं, हे मीच सरांना सुचवलं होतं.

ते सॅपोनिन वेगळं काढायला मला आठ महिने लागले. फळं वाळवली, कुटली, मिथेनॉलमध्ये भिजवली. मग तो अर्क पाणी आणि ब्युटेनॉल नावाच्या द्रावकात घुसळायचा. सॅपोनिन ब्युटेनॉलच्या थरात जातं. पण फेस इतका व्हायचा की दोन थर वेगळे होईपर्यंत अख्खी दुपार जायची. शेवटी ते सिलिका भरलेल्या उभ्या काचनळीतून थेंबाथेंबानं सोडायचं आणि बाटल्यांत गोळा करायचं. अशा प्रत्येक बाटलीला फ्रॅक्शन म्हणतात. सातवं फ्रॅक्शन शुद्ध निघालं. ती पिवळी रांग त्याचीच.

प्रोजेक्टला पैसा नागपूरच्या एका औषध कंपनीचा होता. माझी नोकरीही त्याच प्रोजेक्टवर, आणि सरांच्या हाताखालची पीएच.डी.ही. कंपनीचे मॅनेजर गुरुवारी येणार होते. त्यांना एका पानाचा रिपोर्ट हवा होता. त्यात एक ओळ ठरलेली होती. 'गेळफळाचा अर्क कॅन्सरच्या पेशी नष्ट करतो.' प्रयोग माझा, म्हणून खाली सही माझी.

रविवारी मी घरी गेले. बाबांसोबत अंगणात सुखराम काका बसले होते. काकांचा जन्म तलावावर मासेमारी करण्यात गेला. मी मोठ्या उत्साहानं त्यांना गेळाचं सांगितलं.

"त्यात का संशोधन करून रायली तू?" काका म्हणाले. "मासोळी मरते. बेंडकीची पिल्लं मरतात. जळवा मरतात. पान्यात जे असन ते मरते."

"काका, मी कॅन्सरचं सांगून राहिली."

"हो ना. गेळ का इचारते का तुले, तू कोन हायेस म्हनून?"

बाबा हसले. काका पुढे बोलत राहिले. त्यांच्या वडिलांच्या वेळी गेळ फक्त आटत आलेल्या डबऱ्यात टाकायचा नेम होता, तोही बांध घालून पाणी तोडल्यावर. एकानं मोठ्या तलावात टाकलं. बोटाएवढी पिल्लंसुद्धा गेली. त्या माणसाला वर्षभर तलावात जाळं टाकू दिलं नाही.

हे मी लहानपणी दहादा ऐकलं होतं. प्रयोग मांडताना एकदाही आठवलं नाही. मी शिकलेली, म्हणून मला फक्त इंग्रजीत छापलेलं आठवत होतं.

सोमवारी सकाळी मी ताज्या पेशींवर सातवं फ्रॅक्शन टाकलं आणि मायक्रोस्कोपपासून हललेच नाही. औषधानं पेशी मरते तेव्हा वेळ लागतो. ती आक्रसते, तिचे तुकडे होतात. माझ्या पेशी पंधरा मिनिटांत फुटल्या. नुसती सालं उरली.

हे निरोगी पेशींनाही असंच फोडतं का, ते पाहायला मी थेट मटण मार्केटला गेले. रक्त गोठू नये म्हणून औषध घातलेली नळी हातात होती.

"कलेजी दूँ मॅडम?" दुकानदारानं विचारलं.

"खून चाहिए. इतना ही."

त्यानं नळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बकरे को कौन सी बीमारी थी?"

"उसको नहीं. मेरी दवाई को है."

रक्ताची परीक्षा अगदी साधी असते. लाल पेशी धुऊन मिठाच्या पाण्यात ठेवल्या की त्या तळाशी बसतात आणि वरचं पाणी स्वच्छ राहतं. फुटल्या तर सगळं पाणी लाल होतं. मी सातवं फ्रॅक्शन घातलं. जेवढ्या मात्रेनं कॅन्सरच्या पेशी मेल्या होत्या, तेवढ्याच मात्रेनं बकऱ्याचं रक्तही लाल सरबतासारखं झालं.

मी सरांना नळी दाखवली.

"ही टेस्ट कुणी सांगितली होती?"

"कुणी नाही, सर."

"गुरुवारी तो माणूस येतोय. प्रोजेक्ट बंद झाला तर तुझी पोस्ट जाईल, कळतंय ना?"

"कळतंय."

सरांवर मी रागावू शकत नव्हते. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं. एम. एस्सी.ला मला इंग्रजी पेपर वाचता येत नव्हते, तेव्हा त्यांनी ओळ न ओळ माझ्यासोबत बसून वाचली होती. पण वाचायला शिकवलं त्यांनीच. आता नळीत वाचलेलं वाचलंच नाही, असं म्हणायला मला जमणार नव्हतं.

बुधवारी मी आणखी एक प्लेट लावली. गुरुवारी मॅनेजर आले तेव्हा ती टेबलावर तयार होती.

"मॅडम, अभिनंदन," ते म्हणाले. "आमचे डबेसुद्धा छापून तयार आहेत. बस, तुमची सही."

"आधी हे बघा, साहेब. चार रांगा आहेत. पहिलीत काहीच घातलं नाही, ती जांभळी आहे. बाकी तीन पिवळ्या आहेत. यातली तुमच्या औषधाची कोणती, सांगा."

त्यांनी वाकून पाहिलं. "तीनही आमच्याच असतील."

"एकच आहे."

ते सरांकडे पाहून हसले आणि शेवटच्या रांगेवर बोट ठेवलं. "ही. सर्वात साफ हीच आहे."

"तो बेसिनवरचा भांडी घासायचा साबण आहे," मी म्हणाले. "तिसरी रिठ्याची. तुमची दुसरी."

त्यांचं हसू गेलं. "मॅडम, मी कॅन्सरच्या पेशींचा रिपोर्ट मागितला. मेल्या की नाही मेल्या?"

"मेल्या."

"मग तेवढंच लिहा. साबणाचं, रक्ताचं कोणी विचारलं तुम्हाला?"

"मी विचारलं. लिहिलं तर सगळं लिहीन. नाहीतर माझी सही नाही."

"सही करणारे पुष्कळ मिळतात. सर, तुम्ही करा ना. गाईड तुम्हीच आहात."

सरांनी बिनसहीचा रिपोर्ट उचलला, पाहिला आणि माझ्यासमोर सरकवला.

"पूर्ण लिही," ते म्हणाले. "दोन सह्या लागतील. खाली माझी जागा ठेव."

मॅनेजर चहा न घेता गेले. महिन्याअखेरीस प्रोजेक्ट बंद झाल्याचं पत्र आलं आणि माझी पोस्ट गेली. पुढचं पाऊण वर्ष मी जवळच्या मुर्री गावात बारावीच्या शिकवण्या घेतल्या आणि रविवारी सरांच्या परवानगीनं लॅबमध्ये काम केलं. पीएच.डी. उशिरा झाली, पण झाली. त्यात रक्ताचं एक अख्खं प्रकरण आहे. ते डबे बाजारात आले का, मला माहीत नाही. आले असतील तर त्यावर आमच्या कॉलेजचं नाव नाही, एवढं नक्की.

गेळात औषध नाहीच, असं मी म्हणत नाही. सॅपोनिनच्या रेणूला जोडलेली साखर थोडी कापली तर त्याचा साबणपणा कमी होतो का, यावर मी सध्या काम करते. अजून तरी होत नाही.

या धंद्यात मी एवढंच शिकले. मनासारखा निकाल आला की सही करण्याआधी तो स्वतःच मोडून पाहावा. मोडला तर नुकसान आपलं होतं, आणि ते सोसता येतं. न मोडता पुढे पाठवला तर नुकसान कुणाचं होईल, ते आपल्याला कधी कळतसुद्धा नाही.